आधी तारखा पाहा, मग बोला

ट्युटोरियलचा गठ्ठा परत आणला आहे. गुण दिलेले नाहीत, कारण गुण नेमके कशाला द्यायचे तेच कळलं नाही. विषय होता : युरोपातल्या चिकित्सक सिद्धान्ताचा अमेरिकेतल्या समाजशास्त्रावर आणि समाजटीकेवर काय परिणाम झाला. तुम्ही एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात. उद्या तुमच्यातले निम्मे सेट-नेट देतील, कुठल्यातरी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर लागतील आणि हेच दुसऱ्यांच्या पोरांना शिकवतील. म्हणून आज कडक बोलणार आहे. खिडकीबाहेर बघू नका, तिथे काही नाही.

जवळपास प्रत्येक कागदावर एकच कथा आहे. जर्मनीत हिटलर आला, फ्रँकफर्टचे विद्वान अमेरिकेला पळाले, तिथे त्यांनी भांडवलशाहीवर कोरडे ओढले, अमेरिकनांनी ते वाचलं, आणि त्यातून साठच्या दशकातली विद्यार्थ्यांची चळवळ उभी राहिली. झालं. साल नाही, पैसा कुठून आला त्याचा पत्ता नाही, कुठल्या भाषेत लिहिलं ते नाही, आणि वाचलं कोणी हे तर कोणालाच विचारावंसं वाटलं नाही. विचार म्हणजे काय सावरीचा कापूस आहे, वारा आला की उडत जाऊन पडेल तिथे रुजायला? विचार माणसाबरोबर जातो, नियतकालिकाबरोबर जातो, नोकरीबरोबर जातो, कोणाच्यातरी चेकबुकाबरोबर जातो. कधी कधी वाटेत पेटीत बंद होऊन पडतो. यातलं काहीही तुम्ही तपासलेलं नाही.

आधी सगळ्यात संतापजनक चूक. एका कागदावर लिहिलं आहे की कोलंबिया विद्यापीठात शिकताना बाबासाहेबांवर फ्रँकफर्टच्या विचारवंतांचे संस्कार झाले. नाव घेत नाही, ज्याचं त्याला कळलं आहे. अरे, बाबासाहेब कोलंबियात होते १९१३ ते १९१६. फ्रँकफर्टची सामाजिक संशोधन संस्था स्थापन झाली १९२३ मध्ये आणि न्यूयॉर्कला पोचली १९३४ मध्ये. बाबासाहेब तिथे अर्थशास्त्राची टिपणं काढत होते तेव्हा या संस्थेचं पुढचं मोठं नाव, आडोर्नो, जर्मनीत शाळेत जात होता. बाबासाहेबांनी कोलंबियातला आपला गुरू कोण हे स्वतः सांगून ठेवलं आहे. ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जॉन ड्यूई यांचं ऋण त्यांनी उघडपणे मानलं आहे. ते पुस्तक तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी आहे, आणि तरी हे वाक्य लिहिलं जातं! अभिमानापोटी लिहिलेलं खोटं हेही खोटंच असतं. बाबासाहेबांना मोठं करायला आडोर्नोची कुबडी लागत नाही.

आता मूळ गोष्टीकडे या. संस्थेला पैसा दिला हेरमान वाइल या धान्याच्या व्यापाऱ्यानं. अर्जेंटिनातून युरोपला धान्य पाठवून त्यानं गडगंज संपत्ती केली होती आणि त्याचा मुलगा फेलिक्स मार्क्सवादी निघाला. बापाच्या पैशावर मुलानं भांडवलशाहीचा अभ्यास करणारी संस्था काढली. यावर हसू नका, टीपा. कारण पुढचं सगळं या पैशामुळे घडलं. १९३० मध्ये माक्स होर्कहायमर संचालक झाला आणि हवा कुठल्या दिशेची आहे हे ओळखून त्यानं संस्थेची ठेव वेळेत जर्मनीबाहेर हलवली. १९३३ च्या मार्चमध्ये नाझींनी संस्थेला टाळं ठोकलं तेव्हा इमारत गेली, ग्रंथालय गेलं, पण पैसा वाचला. मंडळी आधी जिनिव्हाला आणि मग न्यूयॉर्कला गेली. कोलंबियानं त्यांना पश्चिम ११७ व्या रस्त्यावर ४२९ क्रमांकाचं घर दिलं. म्हणजे हे निर्वासित हात पसरत आले नव्हते. स्वतःचा पैसा, स्वतःचं घर, स्वतःचं नियतकालिक घेऊन आले होते.

आणि ते नियतकालिक कुठल्या भाषेत होतं? बोला. जर्मनमध्ये! न्यूयॉर्कमध्ये बसून जर्मनमध्ये लिहायचं आणि पॅरिसमध्ये छापायचं, असं १९३९ पर्यंत चाललं. उद्या जर्मनी मोकळी झाली की हा वारसा परत न्यायचा, तोवर भाषा जपायची, असा होर्कहायमरचा हिशेब होता. मार्क्स, क्रांती हे शब्दही तो जपून, आडवळणानं वापरायचा, कारण परक्या देशात पाहुणा होता. ज्या लेखानं ‘चिकित्सक सिद्धान्त’ हे नाव रूढ केलं, तो पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धान्तावरचा लेख १९३७ चा आहे. तो इंग्रजी पुस्तकात आला १९७२ मध्ये. पस्तीस वर्षांनी! आणि तुम्ही लिहिता की तीसच्या दशकात अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी हा सिद्धान्त आत्मसात केला. कशातून केला? स्वप्नात?

‘डायलेक्टिक ऑफ एनलाइटनमेंट’चंही तेच. तुमच्या प्रत्येक कागदावर सांस्कृतिक उद्योगाचा परिच्छेद आहे, कारण नोट्समध्ये आहे. होर्कहायमर आणि आडोर्नो यांनी ते पुस्तक लिहिलं लॉस एंजेलिसमध्ये, हॉलिवूडच्या शेजारी बसून. १९४४ मध्ये त्याच्या काही शे चक्रमुद्रित प्रती निघाल्या, त्याही जर्मनमध्ये. १९४७ मध्ये ॲमस्टरडॅमला पुस्तक छापलं गेलं, तेही जर्मनमध्येच. इंग्रजी भाषांतर आलं १९७२ मध्ये. म्हणजे ज्या हॉलिवूडवर ती टीका होती, त्याच्या शेजारच्या पुस्तकाच्या दुकानात ती पाव शतक मिळतच नव्हती. त्याच १९४७ मध्ये होर्कहायमरनं ‘इक्लिप्स ऑफ रीझन’ नावाचं पुस्तक इंग्रजीतूनच काढलं होतं. त्याची अमेरिकेत कोणी फारशी दखल घेतली नाही. तुमच्यापैकीही कोणी घेतलेली नाही.

मग परिणाम झालाच नाही का? झाला. पण तुम्ही दाखवता त्या दारातून तो आत आला नाही. तीसच्या दशकाच्या शेवटी संस्थेची गुंतवणूक बुडू लागली, ठेव आटली, आणि मग मंडळींना अमेरिकन संशोधनाच्या पैशाकडे जावं लागलं. अमेरिकन समाजशास्त्राशी त्यांची खरी गाठ पडली ती तिथे. आणि गाठ म्हणजे बरीचशी भांडणं.

१९३८ च्या फेब्रुवारीत आडोर्नो न्यूयॉर्कला उतरला तो अर्ध्या वेळाच्या नोकरीवर. रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर रेडिओच्या श्रोत्यांचा एक मोठा अभ्यास चालू होता. त्याचा प्रमुख पॉल लाझार्सफेल्ड. कचेरी न्यू जर्सीतल्या नुअर्क शहरात, बंद पडलेल्या बिअरच्या कारखान्यात. आडोर्नोकडे संगीताचा विभाग. लाझार्सफेल्डनं सीबीएसच्या फ्रँक स्टँटनबरोबर एक यंत्र बसवलं होतं. श्रोत्याच्या हातात दोन बटणं द्यायची, कार्यक्रम ऐकताना आवडलं तर एक दाबायचं, नाही आवडलं तर दुसरं. आडोर्नोनं हे पाहिलं आणि त्याचं डोकं फिरलं. त्याचं म्हणणं असं की ज्या माणसाची आवड त्या रेडिओनंच घडवली, त्याला रेडिओ आवडतो का हे विचारून काय कळणार? संस्कृती मोजून दाखवा असं त्याला सांगितलं गेलं तेव्हा मोजमापाला शरण जाणारं मन आणि संस्कृती यांचं जमतं तरी का, हाच प्रश्न त्याला पडला. पुढे १९६० च्या दशकाच्या शेवटी लिहिलेल्या आठवणींत त्यानं हे सविस्तर सांगितलं आहे. आडोर्नोचे मसुदे लांबलचक असत, त्यांत निष्कर्ष असत पण पुरावा दिसत नसे, असं लाझार्सफेल्डचं गाऱ्हाणं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, असं माझं मत. फाउंडेशननं संगीताच्या विभागाचा पैसा पुढे चालू ठेवला नाही. प्रकरण १९४० पर्यंत संपलं.

आता पुढच्या रांगेतल्या शहाण्यांनी इकडे लक्ष द्या. तुम्ही कागदावर दोन रकाने पाडलेत. डावीकडे ‘युरोप : सिद्धान्त’, उजवीकडे ‘अमेरिका : आकडेमोड’. सुबक आहे, पट्टीनं रेघा मारल्या आहेत. आणि साफ चूक आहे. अमेरिकन आकडेमोडीचा तुमचा हा प्रतिनिधी लाझार्सफेल्ड कुठला होता? व्हिएन्नाचा! तरुणपणी समाजवादी चळवळीत वाढलेला. मारी याहोडा आणि हान्स त्सायझेल यांच्याबरोबर त्यानं मारियेंथाल या ऑस्ट्रियन गावातल्या बेकारीचा जो अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध केला, तो आजही आदर्श क्षेत्रकार्य म्हणून वाचतात. सिद्धान्ताच्या रकान्यात तुम्ही कोंबलेला एरिख फ्रॉम बघा. १९२९ मध्ये, अमेरिकेचं तोंडही न पाहिलेल्या संस्थेत बसून त्यानं जर्मन कामगार आणि नोकरदारांसाठी २७१ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली आणि ती तीन हजारांहून जास्त जणांना वाटली. मुक्त उत्तरांचा मानसशास्त्रीय अर्थ लावून माणूस बोलतो डावं पण आतून हुकूम पाळायला तयार आहे का, हे शोधायची त्याची धडपड होती. म्हणजे प्रश्नावली त्यांना अमेरिकेनं शिकवली नाही. नुअर्कच्या कारखान्यात भांडले ते दोन युरोपियन होते, आणि भांडण होतं मोजायचं की नाही यावर नव्हे, तर कोणासाठी आणि काय गृहीत धरून मोजायचं यावर. लाझार्सफेल्डनं १९४१ मध्ये होर्कहायमरच्याच नियतकालिकात, जे तोवर इंग्रजी झालं होतं, प्रशासकीय संशोधन आणि चिकित्सक संशोधन असा भेद मांडणारा लेख लिहिला. भांडून झाल्यावरही दुसऱ्याची बाजू न्यायानं मांडणं याला विद्वत्ता म्हणतात. तुम्ही चहाच्या टपरीवर गट करता आणि दुसऱ्या गटाशी बोलत नाही.

यानंतरचं काम मात्र खरोखर अमेरिकन समाजशास्त्राच्या हाडात शिरलं, आणि त्यावर तुम्ही सरासरी दीड ओळ लिहिली आहे. १९५० चं ‘द ऑथॉरिटेरियन पर्सनॅलिटी’. ‘आडोर्नो यांनी लिहिलेलं पुस्तक’ असं सतरा ठिकाणी वाचून मी थकले. चौघांचं पुस्तक आहे ते! आडोर्नो, एल्स फ्रेंकेल-ब्रुन्स्विक, डॅनियल लेविन्सन, नेव्हिट सॅनफर्ड. आडोर्नोचं नाव पहिलं आलं ते वर्णानुक्रमानं. फ्रेंकेल-ब्रुन्स्विक व्हिएन्नाची मानसशास्त्रज्ञ होती, मुलाखतींचा मोठा भार तिनं उचलला, आणि तिचं नाव तुमच्या एकाही कागदावर नाही. पैसा दिला अमेरिकन ज्यू कमिटीनं. ज्या देशात ज्यूंचा संहार घडला नव्हता, तिथल्या साध्या माणसांत त्याची बीजं आहेत का, असा त्यांचा प्रश्न होता. २,०९९ जणांनी प्रश्नावल्या भरल्या. त्यात विद्यार्थी होते, कामगार संघटनांचे सभासद होते, मनोरुग्णालयातले लोक होते, सॅन क्वेंटिनच्या तुरुंगातले कैदीही होते.

युक्ती कशात होती ते समजून घ्या. ज्यूंबद्दल थेट विचारलं तर माणूस सावध होतो. म्हणून एक वेगळी मोजपट्टी तयार केली, तिला एफ-मोजपट्टी म्हणतात. तिच्यात ज्यूंचं नावसुद्धा नाही. मुलांनी वडीलधाऱ्यांची आज्ञा पाळावी, ग्रहताऱ्यांचा माणसाच्या आयुष्यावर परिणाम होतो, लैंगिक गुन्हेगाराला नुसता तुरुंग पुरेसा नाही, अशा आशयाची विधानं. तुम्ही किती सहमत, उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत सांगा, मधला शून्य नाही. ज्याला हुकूम हवा असतो आणि दुबळ्याचा तिरस्कार वाटतो, तो या साध्या विधानांत आपोआप उघडा पडतो, असा तर्क. त्यामागे फ्रॉईड आहे, संस्थेनं १९३६ मध्ये काढलेला सत्ता आणि कुटुंबावरचा ग्रंथ आहे, आणि शेजारी कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सहलेखकांची संख्याशास्त्राची शिस्त आहे. युरोपचा सिद्धान्त अमेरिकेत आला म्हणजे असा आला. मोजपट्टीच्या रूपात. आडोर्नोला मोजपट्टीचा तिटकारा होता असं लिहिणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

मग टीका झाली, आणि कडाडून झाली. १९५४ मध्ये रिचर्ड क्रिस्टी आणि तीच मारियेंथालवाली मारी याहोडा यांनी एक अख्खं पुस्तक या पुस्तकाच्या चिरफाडीला वाहिलं. सगळी विधानं एकाच दिशेनं लिहिलेली, म्हणजे सवयीनं ‘हो’ म्हणणारा माणूसही हुकूमशाही वृत्तीचा ठरतो. शिक्षण कमी असलेले लोक अशा विधानांना जास्त होकार देतात, त्याचा हिशेब नीट केलेला नाही. आणि एडवर्ड शिल्सनं विचारलं, डाव्यांमध्ये हुकूमशाही वृत्तीची माणसं नसतात काय? हे सगळे आक्षेप खरे आहेत. तरीही पूर्वग्रह ही माणसाच्या घडणीशी जोडलेली, मोजता येणारी गोष्ट आहे ही कल्पना टिकली. १९८० च्या दशकात कॅनडाच्या बॉब ऑल्टेमायरनं तीच मोजपट्टी दुरुस्त करून पुन्हा कामाला लावली. अमेरिकेत निवडणूक आली की आजही तिची आठवण निघते.

आणि इथे तुमच्यातल्या एकीला उभं करायचं आहे. लघुप्रबंधासाठी तू हीच मोजपट्टी मराठीत आणून तीन तालुक्यांत वापरणार आहेस असं टिपण दिलं आहेस. बाई गं, ‘मुलांनी वडीलधाऱ्यांची आज्ञा पाळावी’ या विधानाला आपल्या तालुक्यात ‘नाही’ कोण म्हणणार आहे? सगळा जिल्हा फॅसिस्ट निघेल तुझा! आणि पारावर बसलेले आजोबा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला वाईट वाटू नये म्हणून सगळ्याला ‘हो बाळा’ म्हणतील, ते वेगळंच. अमेरिकेत सत्तर वर्षांपूर्वी सापडलेला दोष तू फुकट आयात करते आहेस. बस खाली. टिपण पुन्हा लिहून आण.

आता समाजटीका. चाळीस-पन्नासच्या दशकात सामान्य अमेरिकन वाचकानं फ्रँकफर्टचं जर काही वाचलं असेल तर ते फ्रॉमचं, ‘एस्केप फ्रॉम फ्रीडम’, १९४१. आणि फ्रॉमला संस्थेनं १९३९ मध्येच बाहेरची वाट दाखवली होती. म्हणजे ज्याला घरातून काढला तोच बाहेर घराण्याचं नाव चालवत होता. डेव्हिड रीसमन हा बफेलोचा कायद्याचा प्राध्यापक न्यूयॉर्कला जाऊन फ्रॉमकडे मनोविश्लेषण घेत असे. त्यानं सहकाऱ्यांबरोबर १९५० मध्ये ‘द लोनली क्राउड’ लिहिलं. दुसऱ्यांच्या नजरेवर जगणारा, बाजारात स्वतःला खपवणारा अमेरिकन मध्यमवर्गीय त्यात आहे, आणि त्याचं मूळ फ्रॉमच्या सामाजिक स्वभावाच्या कल्पनेत आहे. प्रभाव शोधायचा तर असा शोधतात : कोण कोणाला भेटलं, कशासाठी, किती वर्षं. रीसमनच्या बाबतीत तो ग्रंथालयातून नव्हे, मनोविश्लेषकाच्या कोचावरून आला.

सी. राइट मिल्सला तुम्ही सरसकट ‘फ्रँकफर्टचा अमेरिकन शिष्य’ करून टाकलं आहे. शिष्य? टेक्सासचा माणूस, विस्कॉन्सिनला डॉक्टरेट, प्रबंधाचा विषय अमेरिकन व्यवहारवाद. थॉर्स्टाइन व्हेब्लेनला तो आपला पूर्वज मानायचा. व्हेब्लेननं श्रीमंतांच्या दिखाऊ खर्चाची खिल्ली १८९९ मध्येच उडवली होती, तेव्हा होर्कहायमर चार वर्षांचा होता. त्याच साली समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइसचं फिलाडेल्फियातल्या काळ्या वस्तीवरचं काम आलं. रॉबर्ट लिंड, ज्यानं हेलन लिंडबरोबर ‘मिडलटाउन’ लिहिलं, तो कोलंबियात या जर्मनांच्या येण्याआधीपासून होता आणि त्यांना तिथे जागा मिळण्यात त्याचा हातभार होता. अमेरिकेला स्वतःवर टीका करायला कोणी जर्मन शिकवायला आला नव्हता.

मिल्सपर्यंत युरोप पोचला तो हान्स गेर्थमुळे. गेर्थ हा विस्कॉन्सिनमधला निर्वासित जर्मन, त्याच्याबरोबर मिल्सनं माक्स वेबरच्या लेखांचं इंग्रजी पुस्तक १९४६ मध्ये काढलं. आणि दुसरा दुवा फ्रँकफर्टच्या संस्थेतलाच फ्रान्झ नॉयमान. नाझी राज्याची चिरफाड करणारं त्याचं ‘बेहेमॉथ’ १९४२ मध्ये आलं, आणि सव्विशीतल्या मिल्सनं त्याचं जोरदार स्वागत करणारं परीक्षण लिहिलं. मक्तेदार उद्योग, पक्ष, नोकरशाही, लष्कर, अशा शिखरावरच्या गटांची हातमिळवणी ही नॉयमानची मांडणी. आता मिल्सचं १९५६ चं ‘द पॉवर एलिट’ उघडा. उद्योगपती, राजकारणी, सेनापती. मी काय म्हणते ते तुमचं तुम्हाला दिसेल. हे मात्र तुमच्यापैकी कोणीच दाखवलं नाही, कारण नॉयमान नोट्समध्ये नाही!

मिल्सचंही लाझार्सफेल्डशी फाटलं. १९४५ मध्ये लाझार्सफेल्डच्या संशोधन केंद्रासाठी इलिनॉयमधल्या डेकेटर गावी सुमारे आठशे स्त्रियांच्या मुलाखतींचं क्षेत्रकार्य मिल्सकडे होतं. मतं शेजारपाजारच्या बोलण्यातून बनतात की वरच्या सत्तेतून, यावर दोघांचं जमेना आणि मिल्सला त्या कामातून बाजूला केलं गेलं. १९५९ च्या ‘द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन’मध्ये मिल्सनं कोरड्या आकडेमोडीवर एक प्रकरण आणि टॉलकट पार्सन्सच्या अवजड सिद्धान्तावर दुसरं प्रकरण लिहून दोघांनाही सोलून काढलं. आडोर्नो जे नुअर्कमध्ये बोलला ते मिल्स वीस वर्षांनी बोलला, पण जर्मनमधून नव्हे, अमेरिकन बोलीत, आणि म्हणून ते ऐकू गेलं. बाकी, पार्सन्स हाही हायडेलबर्गचा डॉक्टर. युरोपचा प्रभाव कोणावर, हा प्रश्न विचारताना त्यालाही मोजा.

संस्थेतल्याच हर्बर्ट मार्कूझनं नवडाव्यांची चळवळ जन्माला घातली, असं बहुतेकांनी लिहिलं आहे. पुन्हा तारखा! विद्यार्थ्यांचा पोर्ट ह्युरॉन जाहीरनामा १९६२ चा. मार्कूझचं ‘वन-डायमेन्शनल मॅन’ १९६४ चं. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारा टॉम हेडन मिल्सचा भक्त होता आणि त्यानं मिल्सवरच प्रबंधिका लिहिली. चळवळ आधी आली, मार्कूझ तिला नंतर भेटला, आणि तिच्या रागाला त्यानं भाषा दिली. हेही काही कमी नाही. पण ते वेगळं आहे. त्याहून मजेशीर गोष्ट त्याच पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत आहे, आणि ती पानं तुम्ही उघडली नाहीत. तिथे मार्कूझ ऋण मान्य करतो मिल्सचं, आणि व्हान्स पॅकार्ड, विल्यम व्हाइट अशा लोकप्रिय अमेरिकन लेखकांचं, ज्यांच्याकडे प्राध्यापक नाक मुरडत. जाहिरातींवरची, कंपनीत विरघळलेल्या नोकरावरची कच्ची माहिती त्यानं अमेरिकनांकडूनच घेतली. अनुदान देणाऱ्यांच्या यादीत रॉकफेलर फाउंडेशन आहे. तेच रॉकफेलर! प्रवाह दोन्ही बाजूंनी वाहतो हे ज्याला दिसत नाही त्यानं प्रभावाचा अभ्यास करू नये. फ्रँकफर्टच्याच पुढच्या पिढीतल्या हाबरमासचंही तसंच. त्यानं मीड, पर्स आणि पार्सन्स हे अमेरिकन पचवून आपला संवादाचा सिद्धान्त बांधला, आणि मग तो अमेरिकेला परत विकला. सार्वजनिक क्षेत्रावरचं त्याचं १९६२ चं पुस्तक इंग्रजीत आलं १९८९ मध्ये, आणि लगेच पुढच्या वर्षी नॅन्सी फ्रेझरनं विचारलं की या सार्वजनिक क्षेत्रात बायका कुठे होत्या आणि कामगार कुठे होते. फ्रेझरचा तो लेख वाचा. परीक्षेला येतो म्हणून नाही, चांगला आहे म्हणून.

सत्तरच्या दशकाबद्दल थोडक्यात. १९६८ मध्ये ‘टेलॉस’ नियतकालिक निघालं, समाजशास्त्रज्ञ गोल्डनरनं १९७० मध्ये पाश्चात्त्य समाजशास्त्राच्या येऊ घातलेल्या संकटावर लिहिलं, १९७३ मध्ये मार्टिन जे या इतिहासकारानं फ्रँकफर्टचा इतिहास लिहिला, भाषांतरांचा पूर आला. चिकित्सक सिद्धान्त ‘वाचला’ गेला तो तेव्हा. आणि तेव्हाही समाजशास्त्राच्या मुख्य नियतकालिकांत कोष्टकंच छापली जात राहिली. सिद्धान्ताला घर मिळालं ते जास्त करून तत्त्वज्ञान आणि साहित्य विभागांत. हे तुम्हाला बोचेल, पण आहे असंच आहे.

दोन-तीन कागदांवर दुसराच सूर आहे. त्यांच्या मते फ्रँकफर्टच्या लोकांनी पाश्चात्त्य कुटुंब, धर्म आणि संस्कृती पोखरायचा कट रचला, त्याचं नाव सांस्कृतिक मार्क्सवाद. ही आवृत्ती नव्वदच्या दशकापासून अमेरिकन उजव्या गोटात फिरते आहे, आणि ती संज्ञा आता आपल्याकडच्या भाषणांतही येते, २०२३ च्या विजयादशमीला नागपुरात संघाच्या व्यासपीठावरूनही आली. तुमचं राजकारण काय असावं हे मी सांगणार नाही, तो माझा विषय नाही. पुरावा हा माझा विषय आहे. हे कट रचणारे महायुद्धात काय करत होते माहीत आहे? मार्कूझ, नॉयमान आणि त्यांचा संस्थेतला सहकारी किर्खहायमर अमेरिकन सरकारच्या गुप्तवार्ता खात्यात बसून नाझी जर्मनीवर अहवाल लिहीत होते, आणि मार्कूझ १९५१ पर्यंत सरकारी नोकरीत होता. होर्कहायमर परत फ्रँकफर्टला गेला तेव्हा त्यानं संस्थेच्या जुन्या नियतकालिकाचे अंक तळघरात खोक्यात बंद करून ठेवले, हे तिथेच काम केलेल्या हाबरमासनं सांगितलं आहे. स्वतःच्याच जुन्या लिखाणाला घाबरणारा माणूस जग पोखरायचा कट रचतो? आणि ज्यांनी अमेरिकेतला वंशविषयक चिकित्सक सिद्धान्त हा फ्रँकफर्टचा नातू ठरवला आहे, त्यांनी डेरिक बेल कोण होता, तो विषय कायद्याच्या वर्गांतून कसा आला, आणि १९८९ ची मॅडिसनची कार्यशाळा काय होती ते वाचून यावं. नावात एक शब्द सारखा असला म्हणजे वंशावळ जुळत नाही.

भक्तांनाही तेच. आडोर्नोच्या नावानं गळा काढणाऱ्या एकाही कागदावर त्याच्या जाझविषयीच्या लिखाणाचा उल्लेख नाही. काळ्या अमेरिकन संगीतात त्याला जवळपास काहीच ऐकू आलं नाही, ही त्याची मोठी मर्यादा होती. सोयीचं तेवढं उचलायचं आणि बाकीचं झाकायचं, याला कोणी अभ्यास म्हणत नाही.

आता लिहून घ्या. नवा कागद पुढच्या गुरुवारी, हस्ताक्षरात, कारण छापील कागदाचं तुम्ही काय करता ते मला आता कळलं आहे. विषय लहान करते. १९३८ ते १९५९ या काळातला कोणताही एक दुवा निवडा : गेर्थ आणि मिल्स, फ्रॉम आणि रीसमन, नॉयमान आणि मिल्स, लाझार्सफेल्ड आणि आडोर्नो, फ्रेंकेल-ब्रुन्स्विक आणि सॅनफर्ड. त्या दोघांची भेट कुठे झाली, पैसा कोणाचा होता, कुठल्या भाषेत लिहिलं, पहिल्यानं दुसऱ्याला काय दिलं आणि दुसऱ्यानं त्यातलं काय नाकारलं, एवढंच लिहा. पाच पानांच्या वर वाचणार नाही. मूळ पुस्तकाचं किमान एक प्रकरण वाचलेलं असलं पाहिजे, ग्रंथालयात ‘द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन’ची प्रत आहे, मी काल पाहिली. तिच्यावर अजून कोणाच्याही नावाचा शिक्का नाही. पहिल्यांदा कोण नेतं ते मी ग्रंथपालांना विचारणार आहे.